पाटावरचा पेनड्राइव्ह

"उर्मे, ही लाल नव्वी काळ्या दश्शीवर का बसंना झालीया बघ गं!"

मालनआत्तीने गल्ल्यावरून हाक मारली, तेव्हा तिच्यासमोर एक यंत्रमागवाला जळकी मोटार खांद्यावर घेऊन ताटकळत उभा होता. बिचारा घामाघूम झाला होता. आत्तीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तिचा सगळा जीव समोरच्या छोट्या लॅपटॉपवर अडकलेल्या पत्त्यात गुंतला होता. मी हात पुसत आले, चार बटणं दाबली, बंद करून पुन्हा चालू केला. पडदा एकदा निळा झाला आणि निळाच राहिला.

"गेलं," मी म्हणाले.

"कोण गेलं?" मोटारवाल्याने दचकून विचारलं.

"माझं पत्ते गेलं," आत्ती म्हणाली आणि कपाळाला हात लावून बसली. मग तिला तो माणूस दिसला. "तुमचं काय? मोटार व्हय? आता माझ्याकडं काय बघताय, ठेवा की खाली!"

आमचं दुकान म्हणजे विट्यातलं 'मेटकरी मोटार रिवायंडिंग'. गावभर यंत्रमाग, त्यामुळे जळक्या मोटारींना तोटा नव्हता. जळलेली तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, मोटार पुन्हा घुमायला लावायची, हा आमचा पिढीजात उद्योग. कागदोपत्री मालक माझे वडील, अप्पा. खरी मालकीण त्यांची थोरली बहीण मालनआत्ती. ती तरुणपणीच माहेरी परत आली होती आणि तेव्हापासून गल्ल्यावर बसून दुकान, अप्पा आणि आमचे मिस्त्री युनूसचाचा या तिघांनाही चालवत होती. तिने आयुष्यात एकच चैन केली. सांगलीच्या एका साडीच्या दुकानाच्या सोडतीत तिला वहीएवढा लॅपटॉप लागला, आणि त्यात तिला पत्ते सापडले. एकटीने खेळायचे, लाल-काळे उतरत्या क्रमाने लावायचे. तेवढं एक सोडून त्या लॅपटॉपचा घरच्या कुणी कधी काही उपयोग केला नाही.

मी तेव्हा आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स करून नुकतीच घरी आले होते. डोक्यात एकच खूळ होतं, की दुकानात खिडकीजवळ, जिथे जुन्या पंख्यांची टरफलं पडलेली होती, तिथे आपलं एक बाकडं असावं. टीव्ही, चार्जर, कॉम्प्युटर, लोकांच्या घरात काय काय बिघडतं, ते सगळं तिथे यावं. अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "आक्काला विचार." आक्काला विचारलं तर ती म्हणाली, "आपल्या दुकानात तांबं चालतं. असलं प्लास्टिकचं काय चालायचं न्हाई." मग मामाने कराडच्या एका मोबाइलच्या दुकानात माझी नोकरी बघितली. दसरा झाला की तिकडे रुजू व्हायचं ठरत आलं होतं. मला कराडला जायचं नव्हतं. मला ती खिडकी पाहिजे होती.

बाकड्याचा नियम माझ्या आजोबांनी, म्हणजे बापूंनी घालून दिलेला. खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपण हत्यारांची पूजा करतो. आमच्याकडे त्या दिवशी मोठा पाट मांडायचा आणि दुकानात ज्याचं बाकडं आहे त्याचं एकेक हत्यार त्यावर ठेवायचं. वायंडिंग तपासायचा मेगर अप्पांचा. लाल टेप गुंडाळलेली पक्कड युनूसचाचांची. बापू जाऊन किती वर्षं झाली, तरी त्यांचा हातोडा पाटावर असायचाच. ज्याचं हत्यार पाटावर, त्याचं बाकडं दुकानात. मलाही माझं हत्यार पाटावर न्यायचं होतं, पण माझ्याकडे हत्यार म्हणावं असं काहीच नव्हतं.

पत्ते गेले त्या दिवशी मी संधी साधली.

"आत्ती, मी हा लॅपटॉप नीट करून देते."

"देतीस?" ती खुर्चीतच सरळ झाली.

"पण मग मला बाकडं पाहिजे. खिडकीजवळचं."

आत्तीने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच पत्ते मारले असावेत. "खंडेनवमीची पूजा लागायच्या आत माझं पत्ते दिसलं, तर बाकडं. न्हाई दिसलं तर गुमान कराडला जायाचं. कबूल?"

"कबूल."

कबूल म्हटलं खरं, पण लॅपटॉप उघडून बघते तर त्याच्यात काही राम उरला नव्हता. ज्या कंपनीची सिस्टीम आत होती, तिने त्या जुन्या सिस्टीमचा नाद कधीच सोडला होता. कुणा पाहुण्याच्या पेनड्राइव्हमधून आत विषाणू घुसले होते. आणि नवी सिस्टीम त्याला झेपण्यासारखी नव्हती. दोन-तीन दुकानदारांना दाखवला, तर एकाने मला सरळ सांगितलं, की ताई, याचा झाकणासारखा उपयोग करा.

ही हकिगत मी दुकानात सांगितली तेव्हा युनूसचाचा एका मोटारीच्या पोटातून जळकी तार उपसत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "बेटा, बॉडी चांगली हाय का?"

"बॉडी चांगली आहे, चाचा. पडदा चांगला, बटणं चांगली. आतलं गेलंय."

"मग त्यात काय! जुनं वायंडिंग काढ, नवं भर."

मला एकदम आठवलं. आयटीआयला आम्हाला एक सर होते, ते लिनक्सबद्दल भरभरून बोलायचे. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली सिस्टीम, कुणीही घ्यावी, कुणीही बदलावी, जुन्यातल्या जुन्या यंत्राला जमेल अशी हलकीसुद्धा मिळते. तेव्हा मी ते परीक्षेपुरतं ऐकलं होतं. आता मला अक्षरशः उड्या माराव्याशा वाटल्या. जुनं काढायचं, नवं भरायचं! आमचा तर तो धंदाच होता!

आत्तीला मात्र पटेना. "तांबं कुठनं आणणार?" तिने विचारलं. आमच्या भाषेत सांगितल्यामुळे आता ती आमच्याच भाषेत उलटतपासणी घ्यायला लागली होती.

"फुकट मिळतं, आत्ती."

"फुकटचं तांबं? मग चोरीचं असणार."

"चोरीचं नाही गं. लोक मिळून करतात आणि सगळ्यांना देतात."

"आन् त्यांची बायकापोरं काय खात्यात?"

मी एवढंच म्हणाले, की त्यात पत्ते आहेत. त्यावर तिच्या बाकीच्या शंका आपोआप मिटल्या.

नवरात्राचे ते दिवस दुकानाला फार जड गेले. पत्ते नसल्यामुळे आत्तीला हाताला काम उरलं नव्हतं, म्हणून ती आमच्या कामात लक्ष घालायला लागली. युनूसचाचांनी भरलेली कॉइल ती चष्मा लावून बघायची आणि "हितं तार सैल वाटतीया" म्हणायची. अप्पांना तर तिने गिऱ्हाइकासमोर मेगर कसा धरायचा ते शिकवलं. एक दिवस अप्पा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "उर्मिला, तुझं बाकड्याचं जाऊ दे, पण आक्काचं पत्ते तेवढं आण बाई." चाचा मागून म्हणाले, "बेटा, मी नमाजाला पन तुझ्या पत्त्याचीच दुवा मागतोय."

मी नेटकॅफेत ठाण मांडून होते. तिथलं इंटरनेट इतकं सावकाश होतं, की एक सिस्टीम उतरवून घ्यायची म्हणजे दिवस जायचा. पहिली घेतली ती जड निघाली. लॅपटॉप तिच्यासकट सुरू व्हायला गेला आणि मधेच बसला. दुसरी अर्धी उतरली आणि वीज गेली. तिसरी अगदी हलकी, लहान, बिनडामडौलाची. ती पूर्ण उतरून पेनड्राइव्हवर चढेपर्यंत खंडेनवमीची सकाळ उजाडली.

मी पळतच दुकानात आले. हत्यारं रॉकेलमध्ये धुऊन झाली होती, झेंडूच्या माळा लागल्या होत्या. आत्ती नवी हिरवी साडी नेसून पाट पुसत होती. मी खिडकीजवळ एक रिकामा ड्रम उलटा केला, त्यावर लॅपटॉप ठेवला, वायर लावली, पेनड्राइव्ह खोचला आणि बटण दाबलं.

यावेळी तो बसला नाही. पडद्यावर भाषांची यादी आली. मी खाली सरकत गेले आणि एका जागी थांबले.

"आत्ती!" मी किंचाळले. "मराठी आहे!"

"कोण मराठी हाय?"

"हे! हे सगळं मराठीत आहे!"

आत्ती हातातला नारळ घेऊनच आली. ती बापूंच्या काळची चौथी शिकलेली. जुन्या लॅपटॉपवरचं इंग्रजी तिने कधी वाचलं नाही, पत्त्यांच्या चित्रांवर तिचं भागायचं. आता तिने चष्मा सारखा केला आणि मोठ्याने, एकेक अक्षर लावत वाचायला सुरुवात केली. "जु-नी मा-हि-ती का-य-म-ची पु-स-ली जा-ई-ल. पु-ढे जा-य-चे?"

"आत काही ठेवण्यासारखं आहे का?" मी विचारलं.

"पत्त्याबिगर काय असणार माझ्याकडं? पूस!" आणि हळदीच्या बोटाने तिनेच 'पुढे'साठीचं एंटर बटण दाबलं. त्या बटणावर पिवळा डाग पडला तो नंतर गेला नाही.

नवं वायंडिंग भरायला लागलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. मी घड्याळ बघत होते, आत्ती येता-जाता पट्टी बघत होती, चाचा सगळं सोडून माझ्या शेजारीच उभे होते. आता एकच भीती होती. त्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, वायरीवरच तो चालायचा. आणि आमच्याकडे पूजा लागली की मेन स्विच पाडायची रीत. विजेवर चालणारं दुकान, म्हणून त्या दिवशी विजेलाही विश्रांती.

मुहूर्त झाला. अप्पा टोपी घालून सवयीने भिंतीकडे निघाले.

"अप्पा, थांबा!" मी धावत जाऊन मेन स्विचला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभी राहिले. "थोडंसं राहिलंय. आता पाडलात तर सगळं जाईल!"

"अगं, मुहूर्त जातोय."

"जाऊ दे. नाहीतर माझं बाकडं जाईल."

"आक्का, बघ ही पोरगी काय करतीया."

आत्ती पाटाजवळ समई लावत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पट्टीकडे. पट्टी पार पुढे गेली होती. आत्तीच्या मनात पत्ते आणि परंपरा यांची थोडा वेळ मारामारी झालेली मला स्पष्ट दिसली.

"ऱ्हाऊ दे रं बाळ," ती शेवटी म्हणाली. "एक दिस मेन चालू ऱ्हायला म्हणून देव काय रागवत न्हाई."

अप्पा तोंडाचा आ वासून परत आले. मी मात्र जागची हलले नाही. न जाणो, सवयीने कुणाचा हात जायचा. भिंतीला पाठ लावून, हात पसरून मी उभीच राहिले, आणि पूजा सुरू झाली. आत्तीच्या हातात तबक. ती एकेक हत्यार बोलून दाखवायची, हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची पाकळी. "हा बाळचा मेगर. ही युनूसची पक्कड. हा बापूंचा हातोडा." चाचा स्वतःची पक्कड कुंकवाने लाल झालेली बघून दरवर्षीसारखे खूश झाले. मग आत्ती थांबली, काहीतरी विसरल्यासारखी इकडेतिकडे बघायला लागली, आणि तबक घेऊन माझ्या ड्रमाकडे गेली.

मला वाटलं पट्टी बघायला गेली. बघू दे, म्हटलं.

तिने पेनड्राइव्ह धरला आणि उपसून काढला.

"आत्ती!"

दुकानातली भांडी हलावीत अशी मी ओरडले. तोवर आत्ती पाटाजवळ पोचलीसुद्धा. तिने पेनड्राइव्ह पक्कड आणि हातोडा यांच्या मधोमध ठेवला, त्यावर हळद लावली, कुंकू लावलं, ते भरपूर लावलं, आणि वर अक्षता टाकल्या. मागे लॅपटॉपच्या पडद्यावरची पट्टी थांबली होती. तिच्याजागी चुकांच्या ओळी भराभर उतरत होत्या. मग त्याही थांबल्या.

"काय केलंस हे!" माझ्या डोळ्यात पाणीच आलं.

"काय केलं? कुंकू लावलं."

"ते काढायचं नसतं! आत भरत होतं ना ते!"

आता आत्ती गोंधळली. पण गोंधळली तरी माघार घेणं तिला कधी जमलं नाही. "हे बघ उर्मे. दुरुस्तीला आलेली मोटार म्हणजे पाहुणी. पाहुणीची कुणी पूजा करतं का? आपण पूजा करतो ती पकडीची. तो लॅपटॉप पाहुणी हाय. मग तुझी पक्कड कंची? हेच न्हवं का? युनूसची पक्कड मोटारीत अडकलेली असती, तर मी तशीच सोडली असती व्हय? काढूनच कुंकू लावलं असतं की!"

माझी नजर पाटावर गेली. मेगर, पक्कड, हातोडा, आणि त्यांच्यामध्ये माझा बोटाएवढा पेनड्राइव्ह, कुंकवात बुडालेला. एवढे दिवस मी ज्यासाठी जीव टाकत होते ते माझ्या समोर होतं, आणि ज्याच्या जोरावर ते मिळायचं होतं तो लॅपटॉप मागे मरून पडला होता. मला रडूही येत होतं आणि पोटातून हसूही फुटत होतं.

आधी हसले युनूसचाचा. "आक्का," ते म्हणाले, "आता बाकडं द्यावं लागतंय बघा."

"का म्हणून? पत्ते कुठं दिसलं?"

"पत्त्याचं मला म्हाईत न्हाई. पण पाटावर हत्यार आलं, ते तुमच्याच हातानं आलं."

आत्ती पाटाकडे बघायला लागली. हत्यार पाटावरून खाली घ्यावं तर उत्तरपूजेआधी ते हलवायचं नाही, हा बापूंचा नियम. पाटावर ठेवावं तर बाकडं द्यावं लागतं, हाही बापूंचाच नियम. अप्पा एरवी आत्तीसमोर खोकायचे ते सुद्धा जपून. त्या दिवशी ते असे खदखदून हसले, की त्यांची टोपी पडली.

"हसू नगंस!" आत्ती कडाडली. "अट पत्त्याची हुती. पत्त्याचीच ऱ्हाईल. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली, की माझ्या डोळ्यासमोर भरायचं. भरलं तर बाकडं. न्हाई तर ते हत्यार पाटावरनं थेट कराडला!"

मी स्वतःच जाऊन मेन स्विच पाडला.

दसऱ्याच्या सकाळी आत्ती आमच्या आधी दुकानात होती. उत्तरपूजा तिने इतक्या घाईने उरकली, की अप्पांनी हात जोडायच्या आत अक्षता पडल्या. मग तिने पेनड्राइव्ह उचलला. त्याच्या लोखंडी तोंडात कुंकू गच्च भरलेलं, आणि रात्रभरात ते वाळून घट्ट झालेलं.

"हे असं खोचलं तर कुंकू लॅपटॉपच्या आत जाईल," मी म्हणाले. ते तोंड खराब झालं असेल, तर नेटकॅफे आज बंद आणि माझ्याकडे दुसरा पेनड्राइव्ह नव्हता.

"युनूस, स्पिरिट आण हिकडं." तिने चाचांकडून स्पिरिट आणि मऊ ब्रश घेतला, चष्मा लावला आणि खुर्ची उजेडाला ओढली. मी बघत राहिले. गल्ल्यावर बसणाऱ्या आत्तीच्या हाताला असलं नाजूक काम माहीत असेल, असं मला वाटलं नव्हतं. ब्रश आत घालायची, हलकेच फिरवायची, पदराच्या टोकाने टिपायची, उजेडात धरून बघायची.

"आत्ती, तुला हे कसं येतं?"

"कसं येतं म्हंजे?" तिने मान वर केली नाही. "बापूंच्या येळंला सगळ्या कॉइली मी गुंडाळायची. लाकडी फर्म्यावर. विट्यात माझ्यागत कॉइल कुणाची न्हवती, विचार युनूसला."

चाचांनी मान हलवली.

"मग तुझा फर्मा पाटावर असायचा?"

"न्हाई. बापू म्हणायचं, पोरीचं हत्यार पाटावर घ्यायचं न्हाई, ती जाणार सासरी. मी सासरी गेले, परत आले, तवर मशीन आली हुती कॉइलीची." तिने पेनड्राइव्हवर फुंकर मारली आणि माझ्या हातात दिला. "घे. आन् रडू नगं, कुंकू परत ओलं हुईल."

मी लगबगीने ड्रमाकडे वळले. काल तिने पाटाजवळ थांबून कशाला इकडेतिकडे बघितलं होतं, ते मला आत्ता कळलं. तो पेनड्राइव्ह अजून आहे. त्यात आता काही भरता येत नाही, पण दर खंडेनवमीला तो पाटावर असतो, आणि त्याच्या टोपणाच्या फटीतलं कुंकू मी कधी काढलं नाही.

त्या सकाळी मात्र तो चालला. भाषांची यादी आली, मराठी आलं. आत्तीने खुर्ची ड्रमाला चिकटवून घेतली आणि दोन्ही हात मांडीखाली धरून बसली. "मी हात लावत न्हाई. माझं हात बघा, मी हातच लावत न्हाई," ती दर थोड्या वेळाने सांगायची. पट्टी कालच्या जागेवर आली तेव्हा आम्ही चौघंही पडद्याकडे वाकलो. पट्टी ती जागा ओलांडून पुढे गेली. चाचांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की मी ड्रमावरच पडणार होते.

मग पडद्यावर प्रश्न आला.

"वा-प-र-णा-ऱ्या-चे ना-व," आत्तीने वाचलं. "म्हंजे?"

"हे यंत्र कुणाचं, असं विचारतंय."

"घाल की मग तुझं. तुझ्या बाकड्याचं हाय."

"माझं कशाला? माझी पक्कड ती," मी पेनड्राइव्हकडे बोट दाखवलं, आणि इंग्रजी अक्षरांत तिचं नाव टाइप केलं.

आत्तीला इंग्रजी येत नव्हतं, पण मोटारींवरच्या पट्ट्या बघून बघून काही अक्षरं ओळखीची झाली होती. ती पुढे वाकली. "हा एम. मोटारचा एम." मग पुढची अक्षरं तिने बोटाने मोजली. "मालन लिवलंस व्हय?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. नाक पुसलं. "फुडं काय विचारतंय?"

"पासवर्ड. म्हणजे कुलपाची किल्ली. मनातल्या मनात ठरव, कुणाला सांगू नको."

"रेवणसिद्ध!" आत्तीने आपल्या देवाचं नाव ठणकावून सांगितलं. रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानेही ऐकलं असावं. चाचा म्हणाले, "आक्का, आता आमी बी खेळनार तुमचं पत्ते." आत्तीने त्यांना बोलूच दिलं नाही, कारण तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली होती. स्वागत, आणि पुढे तिचं नाव.

पत्ते सापडायला मला थोडा वेळ लागला. सापडले तेव्हा एक नाही, नाना तऱ्हेचे डाव निघाले, आत्तीने कधी न पाहिलेले. पण तिने आधी आपलाच मागितला. हिरव्या कापडावर पानं मांडली गेली. आत्तीने बोट पुढे केलं, मागे घेतलं, माझ्याकडे बघितलं.

"आता हात लाव की," मी म्हणाले.

तिने लाल नव्वी उचलली आणि काळ्या दश्शीवर ठेवली. नव्वी बसली. आत्तीने टाळी वाजवली, मी नाचले, अप्पांनी उगीचच मेगर फिरवला. मग ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मामाला फोन लाव. कराडचं राहू दे म्हणावं." एवढं बोलून ते बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

"म्होरल्या खंडेनवमीला ह्याला बी पाटाव घ्यायचं," आत्ती डोळे न हलवता म्हणाली.

"पत्त्याचं हत्यार?" चाचांनी विचारलं.

"माझं हत्यार. तू गप."

तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. त्याच्या हातात सेटटॉप बॉक्स होता, लोंबत्या वायरीसकट. दसऱ्याच्या दिवशी टीव्ही बंद पडला होता आणि घरातली माणसं त्याला खायला उठली होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी आत्तीकडे बघितलं. असल्या माणसांना ती दारातूनच परतवायची, की हितं फक्त मोटारी घेतो म्हणून.

"मालनताई," तो चाचरत म्हणाला, "हे कुठं नीट करून मिळंल का?"

आत्ती एका एक्क्याच्या शोधात होती. तिने मान वर केली नाही.

"तिकडं, खिडकीकडं," ती म्हणाली. "उर्मिलाच्या बाकड्याव ठेवा."

खिडकीजवळ बाकडं नव्हतंच अजून. उलटा ड्रम होता, त्यावर लॅपटॉप होता आणि त्याला चिकटून स्वतः आत्तीच बसलेली. त्या माणसाने इकडेतिकडे बघितलं. आत्तीने लॅपटॉप उचलून मांडीवर घेतला, खुर्ची मागे सरकवली, आणि त्याने सेटटॉप बॉक्स ड्रमावर ठेवला.